उधाण टाळून निघू

मालवण,
पौष वद्य अष्टमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बागेत मोहोर चांगला धरल्याचे वाचून बरे वाटले, आणि आंब्याचा हंगाम उरकला की इंडोनेशियातल्या कोमोडोला डायव्हिंगला जायचेच, हा तुझा निश्चय वाचून त्याहून अधिक आनंद झाला. जून महिना तू योग्यच निवडलास. तोवर आपल्याकडचा समुद्र बंद झालेला असतो आणि तिकडे, सुंबावा आणि फ्लोरेस या बेटांच्या मधल्या पाण्यात, कोरडा ऋतू चालू असतो. मात्र वटपौर्णिमेच्या आसपासचा जो आठवडा तू धरला आहेस तो मला मान्य नाही. तो बदल, आणि तिकिटे काढण्यापूर्वी बदल.

बोटीवरून चांदणे पाहायचे असे तू लिहिलेस. ते चांदणे सुंदर असते यात शंका नाही, पण पौर्णिमा म्हणजे उधाण, हे देवगडच्या खाडीकाठी वाढलेल्या तुला मी सांगावे असे नाही. पॅसिफिक महासागराची पातळी हिंदी महासागराहून थोडी उंच असल्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून पाणी सतत दक्षिणेकडे सरकत असते. कोमोडो आणि रिंचा या बेटांच्या मधल्या अरुंद सामुद्रधुनीत त्यावर भरती-ओहोटीची ओढ चढते, आणि उधाणाच्या दिवसांत ती ओढ अशी होते की तिच्यापुढे माणसाच्या पायांतले बळ काहीच नाही. एका नॉटच्या, म्हणजे ताशी जेमतेम दोन किलोमीटरच्या, प्रवाहाविरुद्धसुद्धा, फिन्स घालूनही, आपण फार वेळ पोहू शकत नाही. तिथे त्याच्या कितीतरी पट वेग असतो. म्हणून मी म्हणतो की एक आठवडा थांबून वद्य अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी सर्वांत कमी असण्याच्या दिवसांत, पाण्यात उतरू.

आणखी एक सावधगिरी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपली जुनी रीत इथे बरोबर उतरते, तिथे तिच्यावर विसंबू नकोस. अशा सामुद्रधुनीत पाणी थांबण्याची वेळ आणि किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ एक नसते, आणि प्रत्येक खडकापाशी ती निराळी असते. तिथला गाइड बोट बंद करून दहा मिनिटे नुसता पाण्याकडे पाहत बसला, तर त्याला घाई करू नये. जो गाइड पाण्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून उडी मारायला सांगतो, त्याच्याबरोबर आपण जायचे नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. मागच्या खेपेला आम्ही बातू बोलोंग या खडकाच्या आडोशाच्या, म्हणजे प्रवाह न लागणाऱ्या, बाजूला होतो. समुद्रातून जेमतेम डोके काढलेला तो लहानसा खडक खाली भिंतीसारखा उतरत जातो, आणि आडोशाच्या बाजूला नागमोडी फिरत हळूहळू वर यायचे, कोपरा ओलांडायचा नाही, एवढाच तिथला नियम आहे. एका कासवाच्या मागे मी तो कोपरा हातभर ओलांडला. माझ्याच तोंडातून निघालेले बुडबुडे वर जाण्याऐवजी खाली जाताना मला दिसले, आणि खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहिले तेव्हा 14 मीटरचे 23 मीटर झाले होते. गाइडने माझा हात धरून खडकाला चिकटवले आणि आम्ही हातांनी धरत धरत आडोशाला परतलो. त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही.

तरीही मी पुन्हा जाणार आहे, कारण ओढ आहे म्हणूनच तिथे मासा आहे. खोल पाण्यातले पोषण प्रवाहाबरोबर वर येते, त्यावर लहान मासे जमतात आणि लहानांवर मोठे. कॅसल रॉक या पाण्याखालच्या खडकावर, जिथे पाणी खडकावर आदळून दुभंगते, तिथे ट्रेव्हली जातीचे मोठे मासे आणि शार्क प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे असलेले मी पाहिले. मासा कुठे तोंड करून आहे हे पाहिले की पाणी कुठून येते ते कळते; आपल्या बंदरात नांगरलेल्या होडीचे तोंड पाहून आपण तेच ओळखतो.

पण कॅसल रॉक पहिल्या दिवशी नाही. तिथे जॅकेटातली सगळी हवा आधीच काढून थेट खाली जावे लागते, नाहीतर खडक गाठण्यापूर्वीच माणूस वाहून जातो. पहिले दोन दिवस आपण आडोशाच्या, उथळ जागी घालवू, मग करांग मकासार या जागी पाण्याबरोबर वाहत जाऊन मांटा हे मोठे पाकट मासे पाहू, आणि तुझा श्वास माझ्या डोळ्यांदेखत शांत झाला तरच पुढचे ठरवू. दक्षिणेचे गार पाणी या खेपेला सोडून देऊ.

तुझ्या वहीत आजवर 11 डाइव्ह आहेत आणि तुझे प्रमाणपत्र 18 मीटर खोलीपर्यंतचे आहे. ते पुरेसे नाही, हे मित्र म्हणून मला स्पष्ट लिहिले पाहिजे. फेब्रुवारीत बागेतून चार दिवस काढ; कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जाऊन डायव्हिंगचा पुढचा कोर्स पूर्ण कर, आणि परतताना दोन दिवस माझ्याकडे उतर. निशाणीचा लांब फुगा पाण्याखालून, 5 मीटरवर स्थिर राहून, दोर न गुंतवता वर सोडण्याचा सराव आपण इथेच करू. ओढीत बोटीपासून दूर वर आलास, तर त्या फुग्याशिवाय तू कुणाला दिसणार नाहीस. विमाही असा घे, ज्यात दाबाच्या चेंबरमधले उपचार धरलेले असतील.

परतीच्या विमानापूर्वी किमान 18 तास पाण्याबाहेर राहायचे आहे, म्हणून शेवटचा दिवस मी रिंचा बेटावरच्या महाकाय घोरपडींसाठी, म्हणजे कोमोडो ड्रॅगनसाठी, ठेवला आहे. त्यांच्यासाठीच तर 1980 साली कोमोडो राष्ट्रीय उद्यान झाले.

वहिनींना आणि काकांना नमस्कार सांग. नेत्राणीच्या तारखा ठरल्या की लगेच कळव; तोवर मी लाबुआन बाजो या तिथल्या बंदरातून निघणाऱ्या बोटीचे पैसे भरत नाही.

तुझाच,
बालमित्र