चूक कार्यालयाची, शपथ सैनिकाची

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की आम्हा माजी सैनिकांच्या घरांत एक जुने दुखणे डोके वर काढते. सेवेच्या कागदांत नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे. जन्मतारखेत फरक. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशपत्रावर, पत्नीचे नाव चुकलेले, किंवा नाव बरोबर पण तिची जन्मतारीखच नाही. चूक कधीतरी तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून झालेली असते, आणि ती निस्तरायला आज पंच्याहत्तरीतला माणूस उभा राहतो. 1971 च्या लढाईत जे अठरा-वीस वर्षांचे होते ते सगळे आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून हे पत्र.

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. रेजिमेंटचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका कार्यालयाविरुद्ध नाही, पद्धतीविरुद्ध आहे. नोकरीतली काही वर्षे मी कंपनी ऑफिसात क्लार्कचे काम केले. कागद कसा तयार होतो आणि नेमका कुठे बिघडतो, हे मी जवळून पाहिले आहे.

जवानाचे लग्न झाले, मूल झाले, बढती मिळाली की त्याची 'पार्ट टू ऑर्डर', म्हणजे युनिटची लेखी नोंद, निघते. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, ती चढते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. निवृत्तीच्या वेळी तिथल्या नोंदींवरून पेन्शनचे कागद बनतात, भूदलाचे कागद प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जातात आणि तिथून पीपीओ निघतो. म्हणजे एकच नाव तीन-चार वेळा हाताने उतरवले जायचे. आमच्या काळात टाइपरायटरला कार्बन लावून प्रती काढायचो. खालच्या प्रतीवर अक्षर इतके पुसट उमटे की वाचणाऱ्याने अंदाजानेच वाचायचे. फील्डमध्ये तर तेवढीही सोय नसे. ज्ञानदेव किंवा ज्ञानोबा हे नाव पंजाबच्या क्लार्कने एका स्पेलिंगने लिहिले, केरळच्या क्लार्कने दुसऱ्या. पुष्कळ जवानांचे आडनाव लागलेच नाही, फक्त नाव आणि वडिलांचे नाव. गावाकडे जन्माची नोंद नसायची, गुरुजींनी शाळेत 1 जून लिहिलेली, आणि भरतीच्या वेळी वय कधी त्या दाखल्यावरून घेतले, कधी डॉक्टरच्या अंदाजावरून. यात कुणाची लबाडी नव्हती. पण हाच सगळा जुना मजकूर पुढे संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' या संगणक प्रणालीत चढला आणि चुकाही तशाच चढल्या. पूर्वी बँकेतला ओळखीचा माणूस फरक असला तरी समजून घ्यायचा. आता अक्षर जुळले नाही की संगणक थांबतो.

माझ्याच बाबतीत काय झाले ते सांगतो. माझ्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर वेळेवर निघाली होती आणि तीत पत्नीचे नाव अगदी बरोबर होते. पीपीओवर मात्र दुसरेच नाव आले. निवृत्तीच्या गडबडीत, इंग्रजी कागदाच्या गठ्ठ्यात, मधल्या कुठल्या तरी फॉर्मवर ते बदलले. दुरुस्तीसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आले: नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, ओळखीची कागदपत्रे जोडा. मी कळवले की तिने नाव बदललेलेच नाही. लग्नाच्या दिवशी जे नाव होते तेच आजही आहे. पुन्हा तेच छापील उत्तर आले, खालची तारीख तेवढी नवी.

शेवटी माहितीच्या अधिकारात मी माझ्याच शीट रोलची आणि त्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागितली. ती मिळाली. पिवळ्या पडलेल्या कागदाची झेरॉक्स, वरच्या कोपऱ्यात सुतळी ओवलेल्या भोकाची काळी खूण, आणि मधोमध टाइप केलेले माझ्या पत्नीचे बरोबर नाव. खाली सही, शिक्का. ज्या कार्यालयाने हा कागद मला पाठवला तेच कार्यालय मला सांगते की नाव बरोबर असल्याचा पुरावा आणा. पुरावा त्यांच्याच फाइलीत आहे. तो पाहायला कुणी उठत नाही, कारण त्यांच्या यादीत अर्जाचा प्रकार एकच आहे, 'नावात बदल'. 'आमची चूक' असा रकाना नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. बदल आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना एकच नियम लावणे अन्यायाचे आहे. कुणी नाव खरोखर बदलले तर त्याने शपथ घ्यावी, राजपत्रात छापून आणावे, जाहिरात द्यावी, याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कार्यालयाचा जुना कागद बरोबर आणि नवा चूक असेल तर सैनिकाने शपथ कशाची घ्यायची? माझ्या पत्नीने जे केलेच नाही ते केले म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लिहून द्यायचे? इतकी वर्षे गणवेशात असताना खोट्या कागदावर सही करू नये हेच आम्हाला शिकवले गेले. त्याच खात्याने आता असा कागद मागावा, याचे मला फार वाईट वाटते.

माझे तरी बरे, मी धडधाकट आहे आणि दोन ओळी लिहू शकतो. खरी परवड विधवांची होते. सैनिक गेला की त्याची पेन्शन थांबते. पुढचे कुटुंब निवृत्तिवेतन पीपीओवर ज्या नावाची नोंद आहे त्या नावाने सुरू होते. नाव जुळले तर काम सोपे. नाही जुळले तर ती बाई दारोदार. माझ्या कंपनीतल्या एका जवानाची पत्नी अशीच आली होती. माहेरचे नाव एक, सासरी लग्नात ठेवलेले दुसरे. आपल्याकडे ही रीत घरोघर होती, पण ती रेकॉर्डमध्ये कशी सांगणार? रेकॉर्डला माहेरचे नाव, आधारला सासरचे. अंगठ्याने सही करणारी बाई. प्लास्टिकच्या पिशवीत सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे नोटरीचे पत्र, आणि नवऱ्याचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवेतून सुटताना मिळालेले पुस्तक. त्यात दोघांचा जोडीचा फोटो चिकटवलेला होता, फोटोच्या कडेवर अर्धा शिक्का उमटलेला. त्या फोटोत तीच बाई बसली आहे हे कुणालाही दिसत होते. पण अर्ज परत आला होता, कारण नोटरी चालत नाही, न्यायदंडाधिकारी लागतो. तोवर घरात पेन्शनचा एक पैसा नव्हता.

नवरा जिवंत असताना हे काम त्याच्या एका सहीवर पुढे सरकते. तो गेल्यावर तेच काम वारसाच्या भांडणासारखे हाताळले जाते. म्हणून वेळ महत्त्वाची.

पत्नीच्या जन्मतारखेचेही तसेच. ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, आणि ही वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. पण नोंदीत विधवेची जन्मतारीखच नसेल तर ती ऐंशीची झाली हे ठरवणार कशावरून? कित्येक जुन्या पीपीओंवर ती जागा कोरी आहे. ज्या वयात पैसा औषधाला लागतो त्याच वयात तो अडकतो.

याहून कठीण प्रश्न पेन्शन न मिळालेल्यांचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात पुष्कळांची भरती काही वर्षे कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष नोकरी, आणि पुढची वर्षे राखीव, अशा अटीवर होती. दोन्ही मिळून 15 वर्षे भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन लागू होते. कुणाला मधेच घरी पाठवले, कुणाच्या राखीव सेवेची नोंद चुकली. आता ते विचारायला जातात तेव्हा कळते की कागदच नाहीत. सैन्याच्या नियमावलीप्रमाणे पेन्शन नसलेल्या जवानाचे दस्तऐवज 25 वर्षांनी नष्ट केले जातात. मागे उरते ती लाँग रोल या कायम ठेवलेल्या वहीतली नोंद: नंबर, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख. एवढ्यावर हक्क ठरवला जातो. कागद कार्यालयाने नियमाने नष्ट केले असतील, ते मी समजू शकतो. लाखो माणसांचे कागद कायम ठेवणे सोपे नाही. पण मग जवानाने घरात जपलेले डिस्चार्ज बुक हाच मूळ दस्तऐवज मानायला हवा. ते पुस्तक सरकारनेच त्याच्या हातात दिले आहे, सरकारचाच शिक्का त्यावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात अपंगत्व पेन्शनबाबत एक तत्त्व स्पष्ट केले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो आजार सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, सैनिकाची नाही. तो निकाल आजारपणाबद्दलचा आहे, नावाबद्दलचा नाही, हे मला माहीत आहे. पण त्यामागचा विचार इथेही लागू व्हायला काय हरकत आहे? नोंद ठेवणे हे कार्यालयाचे काम होते. नोंदीत दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर त्याचा भुर्दंड जवानाने का सोसावा?

दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. 2007 च्या कायद्याने ते आले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे न्याय मिळतो, यात शंका नाही. पण एका अक्षराच्या चुकीसाठी गावाकडच्या म्हातारीने वकील करून मुंबई गाठावी, ही अपेक्षाच योग्य नाही.

संरक्षण खात्याने रेकॉर्ड ऑफिसांना साधा आदेश द्यावा. नाव किंवा तारीख चुकल्याचा अर्ज आला की आधी आपली फाइल उघडा. भरतीचा फॉर्म, पार्ट टू ऑर्डर, शीट रोल यांपैकी एकातही अर्जदार सांगतो तीच नोंद सापडली तर प्रतिज्ञापत्र न मागता दुरुस्ती करा आणि सुधारित पीपीओसाठी कागद स्वतःहून पुढे पाठवा. फाइल नसेल तर डिस्चार्ज बुक ग्राह्य धरा. अर्ज फेटाळताना कोणता कागद तपासला हे उत्तरात लिहा, म्हणजे छापील उत्तरे थांबतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये मेळावे घेतात, तिथे सत्कार होतात, भाषणे होतात. तिथेच एक टेबल मांडून सत्तरीपुढच्या प्रत्येकाचा पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून तपासला, तर निम्मी कामे माणूस हयात असतानाच मार्गी लागतील. सत्काराच्या शालीपेक्षा आम्हाला याची गरज जास्त आहे.

ज्यांच्या घरात माजी सैनिक आहेत अशा मुला-मुलींनाही या पत्रातून सांगायचे आहे. वडिलांचा पीपीओ काढा आणि त्यावर आईचे नाव आणि जन्मतारीख बघा. आधारशी, पॅनशी अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर थांबू नका, अर्जावर वडिलांची सही आजच घ्या. मूळ नोंदीची प्रत हवी असेल तर रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात नंबर, हुद्दा, नाव स्पष्ट लिहा आणि 'भरतीचा फॉर्म, शीट रोल आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर' असे कागद नावानिशी मागा. नुसते 'माझे रेकॉर्ड द्या' असे लिहिले तर हवा तो कागद येत नाही. डिस्चार्ज बुकची रंगीत प्रत काढून ठेवा आणि मूळ पुस्तक कोणत्याही कार्यालयात टपालाने पाठवू नका.

माझा अर्ज अजून प्रलंबित आहे. पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडून मी तो पुन्हा पाठवला आहे, प्रतिज्ञापत्राशिवाय.

आपला विश्वासू,
एक माजी हवालदार