सुधीर, ती गोळी इतक्यात सोडू नकोस

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचलं. इतकं मोकळेपणानं लिहिलंस हे फार बरं केलंस, मीही आडपडदा न ठेवता लिहितो. लिंगाला ताठरता येत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेली सिल्डेनाफिल दोनदा घेतली, दोन्ही वेळा काही झालं नाही, म्हणून ती बंद करून ऑफिसातल्या कुणी दिलेलं 'वनौषधी' चूर्ण सुरू करायचा तुझा विचार आहे. चूर्ण आधी बाजूला ठेव, त्याचं कारण पुढे सांगतो. गोळीबद्दल म्हणशील, तर तुझ्याच वर्णनावरून दिसतं की तिला काम करायला वावच मिळालेला नाही.

मनात उत्तेजना आली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यामुळे सीजीएमपी नावाचं रसायन तयार होतं. ते तिथले स्नायू सैल करतं, धमन्या रुंदावतात, रक्त आत भरतं आणि त्या भरावानंच रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. ताठरता टिकते ती अशी. पीडीई-५ नावाचं एन्झाइम हे सीजीएमपी सतत मोडत असतं, आणि गोळी फक्त त्या एन्झाइमला अडवते. मोरीचं भोक बुजवावं तसं. पण वरचा नळच बंद असेल तर भोक बुजवून पाणी साठेल कुठून? तू भरपेट जेवून उठलास, गोळी घेतलीस, अर्धा तास टीव्ही पाहिलास आणि मग काही होतंय का ते तपासत बसलास. जवळीक नाही, स्पर्श नाही, वर परीक्षेला बसल्यासारखी धास्ती. धास्तीनं अंगात ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ते नेमकं उलटं काम करतं, त्या स्नायूंना आवळून धरतं.

जेवणाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. तेलातुपाच्या जड जेवणावर सिल्डेनाफिल घेतली तर ती रक्तात चढायला साधारण तासभर उशीर होतो आणि रक्तातली तिची सर्वोच्च पातळीही जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी राहते. म्हणून पोट रिकामं असताना किंवा हलकं काही खाऊन दोनेक तास झाल्यावर घे. गोळी घेतल्यापासून तासाभरानं जवळ या. काहींना अर्ध्या तासात गुण येतो, पण सुरुवातीला पूर्ण तास धर. तिथून पुढे चारेक तासांपर्यंत तिचा उपयोग होऊ शकतो, त्यामुळे घड्याळाकडे बघत घाई करायचं कारण नाही. दारू त्या दिवशी नकोच. जास्त झाली तर दारूच ताठरता घालवते, शिवाय दोन्ही मिळून रक्तदाब खाली आणतात.

चोवीस तासांत एकच गोळी. गुण आला नाही म्हणून दोन तासांनी दुसरी घ्यायची नाही, आणि सिल्डेनाफिल व तिच्याच गटातली टाडालाफिल एकत्र तर कधीच घ्यायच्या नाहीत. नीट पद्धतीनं, वेगवेगळ्या दिवशी, सहा ते आठ वेळा घेतल्याशिवाय औषध लागू पडत नाही असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत. आणि तेही डॉक्टरांनी मात्रा पायरीपायरीनं वाढवून पाहिल्यावर. तुला ५० मिलिग्रॅमची दिली आहे, २५ आणि १०० अशाही मात्रा असतात. मधुमेह असलेल्यांना बऱ्याचदा जास्त मात्रा लागते, कारण त्यांच्या मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्हींना झळ पोचलेली असते. पण मात्रा स्वतःच्या मनानं वाढवू नकोस. तुझ्या बाबतीत तर मुळीच नको, कारण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास की लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन सुरू झालं आहे.

हे मला खटकलं. सिल्डेनाफिल लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत आहे का? टॅम्सुलोसिनही रक्तवाहिन्या सैल करतं. दोन्ही एकत्र आल्यावर उठताना डोळ्यांसमोर अंधारी येऊ शकते, माणूस पडू शकतो. दोन्ही औषधं चालतच नाहीत असं नाही, मात्र आधी टॅम्सुलोसिन अंगवळणी पडलेलं असावं लागतं आणि मग सिल्डेनाफिलची सुरुवात बहुधा २५ पासून करतात. तुझी बीपीची गोळीही रक्तदाब उतरवणारीच आहे. त्यामुळे डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पुढची गोळी घेऊ नकोस. बुरशीच्या किंवा जंतुसंसर्गाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, चालू असतील तर सिल्डेनाफिल शरीरातून हळू बाहेर पडते आणि तीच मात्रा जड होते. तेव्हा मधेच कुठलं नवं औषध सुरू झालं तर तेही सांगायचं.

आता जे सांगतो ते दोनदा वाच. हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी तपासलं जात होतं. ताठरतेवरचा परिणाम त्या चाचण्यांत लक्षात आला आणि १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत त्याला याच कामासाठी मान्यता मिळाली. हृदयासाठी दिली जाणारी नायट्रेट गटातली औषधं याच रस्त्यानं काम करतात: नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड, म्हणजे सॉर्बिट्रेट म्हणून लोकांना माहीत असलेली जिभेखालची गोळी. निकोरँडिलही त्यातच धर. नायट्रेटनं नळ पूर्ण सोडला आणि सिल्डेनाफिलनं भोक बुजवलं, तर साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. नायट्रेट चालू असलेल्या माणसानं हा गोळ्यांचा गट घ्यायचाच नाही, अंतर ठेवूनसुद्धा नाही. तुला आज नायट्रेट नाही, पण उद्या संबंधाच्या वेळी छातीत दुखलं तर? तिथेच थांबायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि आल्याआल्या सांगायचं की सिल्डेनाफिल घेतली आहे, इतक्या वाजता. घरच्या कुणी किंवा शेजाऱ्यांनी मायेनं जिभेखाली गोळी ठेवू केली तरी ती घ्यायची नाही. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. हे वहिनींना माहीत असायला हवं, कारण त्या क्षणी कदाचित तुला बोलता येणार नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी गोळी लपवून घेऊ नकोस.

तसंही त्यांच्याशी बोललास तर निम्मा ताण उतरेल. या वयात त्यांनाही कोरडेपणामुळे त्रास होत असेल, त्यासाठी पाण्यावर आधारित वंगण मिळतं. सहा महिने, वर्षभर खंड पडलेला असताना गोळीच्या पहिल्या रात्रीच सगळं जमायला हवं असं ठरवू नका.

चूर्णाबद्दल. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्या आणि कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल चोरून मिसळल्याचं औषध-नियंत्रकांना वारंवार आढळलं आहे. किती मिसळलंय ते घेणाऱ्याला कळत नाही, आणि वनस्पतीच आहे म्हणून तो डॉक्टरांनाही सांगत नाही. टॅम्सुलोसिन आणि बीपीची गोळी घेणाऱ्या तुझ्यासारख्याला ती पुडी कशी भोवेल, हे आता तुझं तुलाच कळेल.

त्रास कोणते होतात? डोकं दुखणं, चेहरा गरम होणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ. काही तासांत ओसरतात. वस्तूंना निळसर छटा दिसली तरी घाबरू नकोस, डोळ्याच्या पडद्यातल्या तशाच एका एन्झाइमवर थोडा परिणाम होतो म्हणून ते घडतं. पण एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं किंवा एकाएकी ऐकू येईनासं झालं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर संकोच न करता थेट रुग्णालय गाठायचं. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि उशीर झाला तर आतल्या पेशी कायमच्या निकामी होतात. हे क्वचित घडतं, पण लाजेपायी सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्यांचंच त्यात जास्त नुकसान होतं.

टाडालाफिलबद्दल विचारलंस. तिचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणानं फरक पडत नाही. घडी गाठायचं दडपण नको असलेल्यांना ती सोयीची. दुसऱ्या दिवशी पाठ किंवा मांड्या दुखल्या तर ते तिच्यामुळे असू शकतं. रोज ठरलेल्या वेळी ५ मिलिग्रॅम अशीही देतात, आणि हीच रोजची मात्रा प्रोस्टेटमुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावरही वापरतात. म्हणून डॉक्टरांना सरळ विचार: टॅम्सुलोसिनच्या जागी हीच एक चालेल का? त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झालेली असावी, मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोजची मात्रा देत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. आतून चरबीचा थर धरू लागला की आधी बारीक वाहिन्या अपुऱ्या पडतात. त्यामुळे ही तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी काही वर्षं दिसू शकते. तुला मधुमेह आहे, बीपी आहे, सिगारेट अजून सुटलेली नाही. नुसती गोळी घेऊन गप्प बसू नकोस. एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, ईसीजी, आणि सकाळी लवकर काढलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एवढं करून घे. टेस्टोस्टेरॉन फारच कमी असेल तर या गोळ्या पुरेसा गुण देत नाहीत. दोन जिने न थांबता चढलास की दम लागतो का, छाती भरते का, हेही सांग. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटका आला असता तर ही गोळी तूर्तास नकोच म्हणाले असते. पहाटे आपोआप ताठरता येते का हेही डॉक्टर विचारतील. येत असेल तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत असं धरतात, आणि मनावरच्या ताणाकडे जास्त लक्ष देतात.

एवढं करूनही गोळ्यांनी भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टाडिलचं इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियेनं बसवायचं इम्प्लांटही आहे. पण तू अजून पहिल्याच पायरीवर आहेस.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घालून ने, चूर्णाची पुडीसुद्धा. नावं तोंडी सांगताना एखादं हमखास राहून जातं. टॅम्सुलोसिनबद्दल ते काय म्हणाले ते त्याच दिवशी मला कळव.

तुझा,
माधव