टाय-इन कादंबऱ्यांना एका वाक्यात उडवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अंतराळकथांवर पानभर लेख आला होता, छान होता, पण शेवटी शेवटी लेखकाने स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकेसारख्या टीव्ही मालिकांवर बेतलेल्या टाय-इन कादंबऱ्यांना एका वाक्यात निकालात काढलं, की मालिका चालली म्हणून छापलेला माल, त्यात साहित्य वगैरे शोधू नये. ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. पत्र थोडं लांबेल, कापायचं तर कापा, पण अँडोर ग्रहावरच्या पुस्तकाचा भाग तेवढा ठेवा.

आता माल आहे हे खरंच आहे, ते कोण नाकारतंय. स्टुडिओ लायसन्स देतो, पब्लिशर लेखक गाठतो, लेखकाने आधी कथेचा आराखडा पाठवायचा, तो पास होऊन आला की लिहायला बसायचं, लिहून झालं की परत सगळं तपासणीला, आणि एवढं सगळं करून कॉपीराइट स्टुडिओच्याच नावावर. नायकाला मारायचं नाही, त्याचं लग्न लावायचं नाही, सरहद्द इकडची तिकडे करायची नाही. पुस्तक संपताना सगळं होतं तसं जागच्या जागी पाहिजे कारण मालिकेचा पुढचा सीझन येणार आणि त्याला या पुस्तकाचा पत्ताही नसणार. अशा अटींवर लिहिलेली बरीच पुस्तकं टुकार निघतात, मी त्यातली भरपूर वाचली आहेत, अर्ध्यावर सोडलीही आहेत.

पण गंमत अशी की याच अटी एका प्रकारच्या कथेला एकदम फिट्ट बसतात, ती म्हणजे हेरगिरी आणि वाटाघाटींची कथा. हेराचं काम फत्ते झालं याचा अर्थच हा की बाहेरून बघणाऱ्याला काहीही घडलेलं दिसत नाही. दोन साम्राज्यांमधली लढाई टळली तर इतिहासात त्याची ओळभरही नोंद होत नाही, कारण घडलंच काय, काहीच नाही. म्हणजे टाय-इन लेखकाला जे बंधन म्हणून घातलंय, की बाबा रे मालिकेच्या जगात खूण सोडू नकोस, ते हेराच्या धंद्याचं मूळ तत्त्वच आहे. म्हणून स्टार ट्रेकच्या पुस्तकांत लढायांची पुस्तकं विसरून जायला होतात आणि हेरांची, राजदूतांची लक्षात राहतात, निदान माझं तरी तसं झालंय.

याचं मूळ मालिकेतच आहे म्हणा. 23 जानेवारी 1968 ला उत्तर कोरियाने पुएब्लो हे अमेरिकेचं टेहळणी जहाज पकडलं आणि खलाशांना कैदेत टाकलं. त्यावरून सुचलेला स्टार ट्रेकचा एक भाग 27 सप्टेंबरला टीव्हीवर आला, ज्यात मालिकेचा नायक कॅप्टन कर्क वेड लागल्याचं सोंग घेऊन रॉम्युलन या शत्रू साम्राज्याच्या हद्दीत जहाज घालतो आणि त्यांचं अदृश्य होण्याचं यंत्र चोरून आणतो. हा भाग दाखवला गेला तेव्हा पुएब्लोचे खलाशी अजून कैदेतच होते, ते सुटले डिसेंबरात! बातमी ताजी असताना अमेरिकेतल्या प्रेक्षकाला सांगितलं जातंय की हेरगिरी करणारं जहाज आपलं होतं आणि चोरीही आपणच केली, हे तेव्हाच्या मानाने धाडसच. पण त्यात ज्या रॉम्युलन बाई कमांडरला कर्कचा सहकारी स्पॉक गोडीगुलाबीने फसवतो, तिचं पुढे काय झालं हे मालिकेने कधीच विचारलं नाही. यंत्र मिळालं, बाई कैदेत, भाग संपला.

ते विचारलं कादंबरीने. डायान डुएन या लेखिकेच्या 1984 च्या माय एनिमी, माय अलाय मध्ये एल नावाची रॉम्युलन कमांडर येते, ती त्या फसवल्या गेलेल्या बाईची आत्या-मावशी लागते. म्हणजे पडद्यावर पाऊणएक तासात उरकलेल्या हेरगिरीचं बिल सोळा वर्षांनी तिच्या घरच्यांच्या हातात पडलंय आणि आता त्याच घरातली बाई, कर्कबद्दल मनात जे काय असेल ते ठेवून, त्याच्याकडे मदत मागायला येते कारण तिच्याच सरकारचे उद्योग तिला पाहवत नाहीत. शत्रूला घर असतं, भाचीपुतणी असतात, हे मालिकेला जमलं नव्हतं ते एका लायसन्सवाल्या पॉकेटबुकाने केलं. तुमच्या लेखाचे लेखक म्हणतात तसा नुसता माल असता तर एवढी उठाठेव कोण करतं.

त्याच वर्षी जॉन एम. फोर्ड यांची द फायनल रिफ्लेक्शन आली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात भारी पुस्तक हेच. नायक क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतल्या दुसऱ्या शत्रू जमातीतला. तोही लहानपणी अनाथ पोरगा, आणि पुस्तक सुरू होतं तेच एका पटाच्या खेळाने ज्यात सोंगट्यांच्या जागी जिवंत माणसं उभी केलेली आहेत आणि हा पोरगा त्यातली एक सोंगटी आहे. त्याचा खेळ बघून एक ॲडमिरल त्याला आपल्या घरात घेतो, पुढे तो कॅप्टन होतो आणि मग त्याच्यावर कामगिरी येते ती कसली तर लढाई नाही, पृथ्वीवर जाऊन फेडरेशनच्या, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघाच्या, राजदूताला क्लिंगॉन राज्यात घेऊन यायचं. राजदूताचं नाव इमॅन्युएल टागोर, हो टागोर, आणि हा म्हातारा अहिंसेवर ठाम असणारा, सगळ्या क्लिंगॉन योद्ध्यांच्या मधे शस्त्राशिवाय राहणारा. पुस्तकभर कोण कुणासाठी खेळतंय हे शोधत बसावं लागतं, लेखक अर्ध्या गोष्टी सांगतच नाही, दोन माणसं जेवायला बसलेली असतात, बोलणं जेवणाबद्दल चाललेलं असतं आणि चार पानांनी लक्षात येतं की आत्ता तिथे कुणाचा तरी गेम झाला. मला पहिल्या वाचनात निम्मंअर्धं कळलं, दुसऱ्यांदा वाचताना मजा आली. पुढे मालिकेने क्लिंगॉन लोकांचा वेगळाच इतिहास मांडला आणि फोर्ड यांनी उभं केलेलं जग अधिकृत राहिलं नाही, तरी पुस्तक उभंच आहे.

आणि राजदूतांचंच बोलायचं तर पडद्यावर त्यांची काय गत होती आठवून बघा. 1967 मधले दोन भाग घ्या, एकात राजदूत फॉक्स आणि दुसऱ्यात धान्याची चिंता करणारा अंडरसेक्रेटरी बॅरिस, दोघंही फक्त कॅप्टनच्या कामात खोडा घालायला आणलेले, हेकट आणि बावळट. स्पॉकचा बाप सारेक सोडला तर मुत्सद्दी म्हणजे हसं करून घ्यायला ठेवलेलं पात्र. कादंबऱ्यांनी ते पार उलटं केलं. 2005 ची आर्टिकल्स ऑफ द फेडरेशन हे तर जवळजवळ अख्खं पुस्तक फेडरेशनच्या राष्ट्राध्यक्षांच्या पॅरिसमधल्या ऑफिसातलं, बैठका, पत्रकार, कौन्सिलमधली मतं जमवाजमव, आणि तरी ते हातातून सुटत नाही.

हेराच्या बाजूने म्हणाल तर डुएन आणि पीटर मॉरवूड यांची 1987 ची द रॉम्युलन वे. फेडरेशनची एक बाई ऑपरेशन करून रॉम्युलन बनवलेली, एका सरदाराच्या घरात नोकरांची मुख्य म्हणून राहते. बंदूक नाही, गुप्त यंत्रं नाहीत, दिवसभराचं टेन्शन काय तर नोकर वेळेवर उठले का, पाहुण्यांची व्यवस्था झाली का, मालक आज कुठल्या मूडमध्ये आहे. आणि मग एक दिवस त्याच घरात कैदी म्हणून कोण आणून ठेवलं जातं तर कर्कच्या जहाजावरचा डॉक्टर मकॉय! आता तिने त्याच्यावर पहारा ठेवायचा, त्याच्याशी तुच्छतेने बोलायचं, आणि मनातून हा आपला माणूस आहे हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, बरं तो तिथे काही चुकून सापडलेला नाही, तो मुद्दाम पकडला गेलाय, ही बाई अजून आपलीच आहे ना हे बघायला. शेवटी ती परत जात नाही, तिथेच राहते. फितूर म्हणावं तर तसंही नाही. एक प्रकरण तिच्या गोष्टीचं आणि एक त्या लोकांच्या इतिहासाचं असं आलटून पालटून पुस्तक चालतं, आणि इतिहास वाचत गेलो की तिचा निर्णय वाचणाऱ्यालाही हळूहळू पटत जातो.

आता त्या लेखातला दुसरा मुद्दा, की या कादंबरीकारांना मोकळं सोडलं तरी ते तेच ते करणार. मोकळं सोडून झालंय की! 2005 ला टीव्हीवरची मालिका बंद पडली आणि पुढची कित्येक वर्षं कादंबरीकारांना विचारणारं फारसं कुणी उरलं नाही. 2008 मध्ये डेव्हिड मॅक यांनी तीन पुस्तकांत बोर्ग या अर्ध्या यंत्र झालेल्या जमातीचं आक्रमण लिहिलं, 63 अब्ज लोक मेले, फेडरेशन मोडकळीला आलं. त्यावर आणखी मोठं युद्ध रचता आलं असतं. कादंबरीकारांनी काय केलं, तर शीतयुद्ध आणलं. रॉम्युलन, ब्रीन, थोलियन, गॉर्न, त्झेनकेथी आणि किनशाया या सहा सत्तांनी मिळून टायफन पॅक्ट नावाची आघाडी काढली आणि 2010 पासून त्यावर पुस्तकांची रांग लागली. फेडरेशनकडे स्लिपस्ट्रीम नावाचं प्रचंड वेगाचं इंजिन आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणजे 1945 ते 1949 अमेरिकेकडे एकटीकडे अणुबॉम्ब होता तशी अवस्था, आणि पॅक्टचा हेर मंगळावरच्या गोदीतून त्याचे आराखडे पळवतो. अमेरिकेच्या अणुबॉम्बची गुपितं रशियाला देणाऱ्या क्लाउस फुक्सची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल.

यातली 2011 ची पाथ्स ऑफ डिसहार्मनी, डेटन वॉर्ड यांची, ती मी कुणालाही वाचायला सांगेन. अँडोर हा फेडरेशनच्या संस्थापकांपैकी एक ग्रह, तिथे एका लग्नात चार जण लागतात आणि मुलं होणं पिढ्यानपिढ्या कमी होत चाललंय, अख्खी प्रजातीच नष्ट व्हायची वेळ आलीय. त्यावर शास्त्रज्ञांची परिषद भरलीय, कर्कच्या नंतरच्या काळातला कॅप्टन पिकार्ड, त्याचं जहाज बंदोबस्ताला आहे, दंगे, बॉम्ब सगळं चालू आहे, आणि आपण समजतो की धोका त्या दंगेखोरांचा. तेवढ्यात थोलियनांची राजदूत येते आणि सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगते, की तुमच्या या दुखण्यावर उपयोगी पडेल अशी माहिती फेडरेशनकडे शंभरएक वर्षं कुलुपात पडून आहे, तुम्हाला कधी कळवलं का त्यांनी? बस. आणि ती खोटं बोलत नसते! माहिती खरंच होती, घातक शस्त्र बनेल म्हणून लपवली होती, लपवणाऱ्यांची कारणंही अगदीच वाईट नव्हती, पण आता ते कुणाला समजावणार, ज्या घरात मूल नाही त्या घराला? मतदान होतं आणि अँडोर फेडरेशनमधून बाहेर पडतं. सहा सत्तांच्या आरमाराला जे जमलं नसतं ते एका खऱ्या वाक्याने झालं, फक्त योग्य दिवशी, योग्य लोकांसमोर बोललेल्या. शत्रूच्या राजदूताने खोटा प्रचार करायचा असतो ही आपली सवयीची समजूत, इथे सत्यच शस्त्र होऊन येतं आणि पिकार्डसारख्या बोलण्यात तरबेज माणसाकडे उत्तर नसतं.

सगळीच पुस्तकं एवढी चांगली नाहीत. टायफन पॅक्टच्या पुस्तकांतलं पहिलं, झीरो सम गेम, सुरुवात झकास आहे. ब्रीन लोक कायम मुखवटे आणि सूट घालून असतात, दोन हेर तसेच सूट घालून त्यांच्यात शिरतात, आणि आत गेल्यावर कळतं की मुखवट्यांमागे एक नाही, कितीतरी वेगवेगळ्या जातीजमाती आहेत, कुणी कुणाचा चेहरा बघायचा नाही म्हणजे प्रत्येकाची किंमत कामावर ठरेल असा त्यांचा हिशोब. काय जबरदस्त कल्पना आहे! त्यात हेर म्हणून राहून त्या हिशोबाची चव घेता आली असती. पण मग प्रेमप्रकरण येतं, पळापळ येते, शेवटी गोदी उडवायची येते आणि स्फोट झाला की माझा इंटरेस्ट गेला. बॉम्बने सुटणारा प्रश्न हेराकडे द्यायचाच कशाला, तो सैन्याकडे द्या ना.

आणि शेवट काय झाला तेही सांगतो. 2020 ला पिकार्डची नवी मालिका आली, तिने कादंबऱ्यांमधलं हे सगळं जग धरलंच नाही, टायफन पॅक्ट नाही, अँडोरचं फुटून जाणं नाही, आणि 2021 मध्ये कोडा नावाच्या तीन पुस्तकांत लेखकांनी स्वतःच हे जग मिटवलं. स्टुडिओचं वागणं पकडल्या गेलेल्या एजंटाच्या साहेबासारखं, आम्ही ह्याला ओळखत नाही, ह्याने जे केलं त्याच्याशी आमचा संबंध नाही. लेखकांनी मात्र ते शहाण्या एजंटासारखं मुकाट्याने घेतलं, तक्रार न करता, आणि जाताना आपलं घर आपल्या हाताने बंद करून गेले. मला अजून त्याचा राग आहे, पण तो वेगळा विषय.

तर एवढीच विनंती की पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घ्याल तेव्हा या पुस्तकांना अर्धं पान द्या, आणि लेखकमहाशयांना सांगा की आधी 1984 ची ती दोन वाचा, मग रॉम्युलन वे, टायफन पॅक्टमध्ये सुरुवात झीरो सम गेमने करू नका, अँडोरवालं घ्या, मागचे संदर्भ थोडे अडतील पण अडू देत.

आपला,
एक वाचक