ओला पंचा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बडोद्याहून परत येऊन चार दिवस झाले, पण जीव अजून दांडिया बाजारच्या घरातच अडकलाय. जानेवारीची थंडी, आई दुलईत, आणि बाबा, तुम्ही पहाटेच्या अंधारात झोपाळ्यावर. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं, मानेवर ओला पंचा. मला बघून तोंड फिरवलंत, पण डोळे पुसताना मी पाहिलं होतं. "काही नाही गं, हल्ली बायकांसारखं रडू येतं," एवढंच म्हणालात. माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब केलेल्या माणसाला हे बोलताना किती लाज वाटत होती, ते दिसत होतं. फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दर तीन महिन्यांनी जे ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन घेता, त्याचं कामच मुळी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, जवळजवळ संपवणं. ती गाठ त्याच्यावर पोसते. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी हे 1941 मध्ये दाखवून दिलं, आणि त्यासाठी 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण टेस्टोस्टेरॉन फक्त दाढीमिशांपुरतं नसतं. ते मेंदूतही काम करतं, आणि पुरुषाच्या शरीरात त्याचा थोडा भाग सतत इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतो. हो, आपण ज्याला बायकांचं संप्रेरक म्हणतो तेच! पाळी गेलेल्या बाईपेक्षा तिच्या वयाच्या पुरुषाच्या रक्तात सहसा ते जास्तच असतं. मला हे वाचून फार नवल वाटलं.

इंजेक्शननं ही दोन्ही आटली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो. इस्ट्रोजेन घटलं की तिथल्या काही पेशी बिथरतात. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी अंग तापलंय असं समजून त्या रक्त कातडीकडे लोटतात आणि घाम काढतात. मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिनवरही याच संप्रेरकांचा हात असतो. घाम, झोपमोड, रडू, सगळं तिथून येतंय. तुम्ही कच्चे पडलेला नाहीत.

आई, आता तुझ्याशी. तो ओला पंचा पाहिला आणि मला 1998 च्या गौरी आठवल्या. तू 47 ची, मी 19 ची. पुरण वाटायचं चाललं होतं, आत्यानं "अजून व्हायचंय का?" एवढंच विचारलं आणि तू पुरणयंत्र मोरीत भिरकावलंस. मग खिडकीशी बसलीस, पदराचं टोक नळाखाली भिजवून मानेवर धरून. आम्ही सगळे दारात उभे. कुणी तुला घोटभर पाणीसुद्धा दिलं नाही. मीही नाही. रात्री मैत्रिणीला मी फोनवर म्हणाले, "आई हल्ली वेड्यासारखं करते." ते तू ऐकलंस. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मान वर न करता विचारलंस, "मी कुसुममावशीसारखी होणार का गं?" आणि मी हसले.

कुसुममावशी पन्नाशीला आली आणि जेवणात विष घालतात म्हणू लागली, हे घरात कुणी उघड बोलत नसे. तुझी भीती हसण्यासारखी नव्हती. स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेलं खरं वाटायला लावणारा मनाचा आजार, पुरुषांना बहुधा तरुणपणीच गाठतो, बायकांमध्ये मात्र पंचेचाळिशीनंतर त्याची आणखी एक लहान लाट दिसते, इस्ट्रोजेन ओसरतं त्याच सुमाराला. मेलबर्नच्या डॉ. जयश्री कुलकर्णी यांनी 102 रुग्ण बायकांवर केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला काहींना इस्ट्रोजेनची चिकटपट्टी दिली, काहींना औषध नसलेली. चार आठवड्यांत इस्ट्रोजेनवाल्यांना जास्त उतार पडला. तुझा त्रास त्यातला नव्हता गं, पाळी जातानाचा होता. पण हे समजावून सांगायला तेव्हा कुणी नव्हतं. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मन रमवा म्हणाले.

आणि एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायचीय. त्याच 1998 च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला होता. पाळीआधी ज्यांचं मन पार ढासळतं अशा बायकांना त्यांनी ल्युप्रोलाइड दिलं. बाबा, तुमचंच औषध. संप्रेरकं थांबली आणि बऱ्याच जणी सावरल्या. सावरलेल्यांना पुन्हा इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन हे पाळीचं दुसरं संप्रेरक दिलं, तर पुन्हा ढासळल्या. ज्यांना असा त्रास कधीच नव्हता त्यांनाही हेच सगळं दिलं, त्यांचं मन होतं तसंच राहिलं. संप्रेरक तेवढंच, मेंदूचं उत्तर निराळं. आत्या म्हणायची ना, "आम्हीही चार लेकरांच्या आया, आम्हाला नाही कधी असं झालं!" ती खोटं बोलत नव्हती. पण तिच्यावरून तुला मापायला नको होतं, आणि आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं. आई, मला माफ कर.

मला आता 46 पूर्ण झाली. पाळी कधी दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांत येते. बाबा, हा शब्द तुमच्यासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा काढतेय. गेल्या महिन्यात लेकीवर उगाच ओरडले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. तेव्हापासूनच हे सगळं शोधून वाचतेय.

बाबा, पुढचं इंजेक्शन नको म्हणताय असं आई म्हणाली. तसं करू नका. घामावरही औषध आहे आणि मनावरही, फक्त डॉक्टरांना सांगायला हवं. संध्याकाळी कमाटीबागेत चालायला जाणं पुन्हा सुरू करा. या इंजेक्शननं हाडं विरळ होतात, त्यालाही चालणं चांगलं.

मी 18 ला सकाळी पोचते. 19 ला इंजेक्शनला बरोबर येईन. रात्री किती वेळा घाम येतो, झोप किती लागते, रडू केव्हा येतं, सगळं कागदावर लिहून ठेवा. शेवटचं तुमच्या तोंडून निघणार नाही, ते मी सांगेन.

आई, त्यांच्या उशाशी तू तांब्या भरून ठेवतेस, न सांगता, ते मी पाहिलं.

तुमची,
मंजू