शिकारीच्या सॅकमध्ये काय भरशील

हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१० नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

हरणाच्या पहिल्या शिकारीला न्यायच्या सामानाची तुझी यादी वाचली. निम्मी यादी राजगडच्या ट्रेकची आहे रे. ट्रेकला माणूस चालतो, शिकारीत तो बसतो. पहाटे अंधारात पाऊण तास चालायचं आणि मग झाडाला पाठ टेकून चार-पाच तास हलायचं नाही, तेही शून्याखालच्या थंडीत. आणि हरीण पडलंच, तर पुढचे तीन तास आधी खाटकाचं काम, मग हमालाचं. सॅक भरायची ती या दोन गोष्टींसाठी, बसण्यासाठी आणि नंतरच्या कामासाठी. प्रत्यक्ष गोळी झाडताना सॅकमधलं जवळजवळ काहीच लागत नाही.

सगळ्यात आधी कागद. तू अजून एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेस, म्हणून हे नीट वाच. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगणंसुद्धा इथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे शिकारीचा चालू परवाना. म्हणजे हा परवाना तुझ्यासाठी हरणापुरता नाही, हातातल्या रायफलीपुरताही आहे. इथला परवाना १ जुलै ते ३० जून चालतो. संपल्यावर मित्राची रायफल ‘बघू जरा’ म्हणूनही हातात घेऊ नकोस. स्वतःची विकत घ्यायची असेल तर आधी वकिलाला विचार. परवाना, फोटोचं ओळखपत्र आणि टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी) एका झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेव. सोबत शिसपेन्सिल, कारण बॉलपेनची शाई थंडीत गोठते, आणि हरीण जागचं हलवायच्या आधी टॅग भरून त्याच्या कानाला बांधावा लागतो. त्यासाठी वीतभर सुतळीही त्याच पिशवीत टाक. मग दहा दिवसांच्या आत गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याला, कळवायचं.

सॅक २५ ते ३० लिटरची पुरे. रंग-ब्रँड बघत बसू नकोस, आवाज बघ. दुकानात कापडावर नख ओढ. खरखर ऐकू आली तर ती शांत जंगलात पन्नास पावलांवर जाते. चेनच्या धातूच्या पट्ट्या काढून तिथे दोरीचे तुकडे बांध. व्हेल्क्रो असेल तर तो कप्पा बसल्या बसल्या लगेच उघडून ठेवायचा, नंतर नाही. नवखे हमखास चुकतात ते भगव्या रंगात. रायफलीच्या हंगामात, दुसऱ्या शिकाऱ्यांना तू दिसावास म्हणून, डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच फ्लुरोसंट भगवा अंगावर हवा आणि तो चारी बाजूंनी दिसायला हवा. तू जाकीट घालतोस आणि वर सॅक चढवतोस, की पाठीचा भगवा झाकला गेला. म्हणून सॅकवरही भगवं कव्हर घाल. आणि पांढरा रुमाल घरी ठेव. इथलं हरीण पळताना शेपटीची पांढरी बाजू वर करतं. झुडपाआड नाक पुसणारा पांढरा रुमाल दुरून तसाच दिसतो.

आता कपडे. जाड जाकीट घालून चालू नकोस, ते सॅकला बाहेरून बांध. चालताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घाम आला की आतला थर ओला होतो आणि बसल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यातलं काही नको. लोकर किंवा सिंथेटिक. एक कोरडा आतला शर्ट आणि मोज्यांचा जोड पिशवीत ने, जागेवर पोचलास की बदल. बुडाखाली दोन सेंटिमीटर जाडीची फोमची बैठक हवीच. माणसं जाकिटावर शेकडो डॉलर घालवतात आणि गार जमिनीवर तशीच बसतात.

हात गरम ठेवायच्या पुड्या चार जोड घे. त्यांच्यात लोखंडाचा भुगा असतो, तो हवेने गंजतो आणि त्यातून ऊब येते. पुडी फोडून लगेच घट्ट बुटात कोंबली तर हवाच मिळत नाही आणि ती थंडच राहते. उघडून हलव, पंधरा मिनिटं बाहेरच्या खिशात ठेव, मग हातमोज्यात घाल.

पाणी दीड लिटर, बाटलीत. नळीवाली पिशवी नको, आधी नळीच गोठते. बाटली सॅकमध्ये उलटी ठेव. बर्फ वर धरतो, म्हणजे तो बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेव, ते ओतून दे, मगच चहा भर.

खाण्यात तुला माझं ऐकावंच लागेल. चकली आणि चिवडा वर्ज्य. एक चकली मोडली की खोऱ्यातल्या प्रत्येक कानाला पत्ता कळतो. चिक्की गारठून दगड होते, दाताचा खर्च वाढेल. दशम्या, गूळपोळी, डिंकाचे लाडू उत्तम. गारठ्यातही चावता येतात आणि तुपाची ऊब पुरते. प्लास्टिकच्या कुरकुरीत वेष्टनातलं सगळं घरीच सोडून फडक्यात बांध.

वास खाण्याचा नाही, तुझा जातो. वाऱ्याची दिशा बघायला छोट्या पिळायच्या बाटलीत बिनवासाची टाल्कम भर. चिमूटभर उडवायची, ती जिकडे सरकेल तिकडून हरीण यायची वाट बघण्यात अर्थ नाही, जागा बदल. दुर्बीण ८×४२ची, छातीवर पट्ट्याने बांधलेली, सॅकमध्ये नाही. रायफलीच्या स्कोपमधून ‘काय हललं’ ते कधीही बघायचं नाही. स्कोप रोखला म्हणजे नळी रोखली, आणि समोर भगवी टोपी निघाली तर?

काडतुसं दहा, कापडी पट्टीत एकेक बसवलेली. खिशात सुटी टाकलीस तर खुळखुळतात. नळीवर कोरलेला कॅलिबर आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का घरीच, उजेडात जुळवून घे.

विजेरी डोक्याला बांधायची, आणि एक नाही, दोन. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, रायफलीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, सूर्य सातच्या पुढे उगवतो आणि पावणेपाचच्या सुमारास मावळतो. तुझा जाण्या-येण्याचा निम्मा वेळ अंधारातच जाणार. बॅटऱ्या लिथियमच्या घे, अल्कलाइन थंडीत मान टाकतात. फोनही तसाच, म्हणून तो आतल्या खिशात, विमान मोडवर. कागदी नकाशा आणि होकायंत्र घे, पण होकायंत्र बघताना रायफल दोन-तीन पावलं लांब टेकवून ठेव, पोलाद सुई ओढतं. शिट्टी गळ्यात; तीन फुंकर म्हणजे मदत हवी. काडेपेटी, लायटर, दहा-बारा कापूरवड्या. ओल्या काटक्यांखाली कापूर पेटतो, देवघरातून उचल. शिवाय चकचकीत आणीबाणीची चादर एक.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज आणि मलमाची नळी एवढ्याने भागत नाही. शिकारीत गोळीपेक्षा सुरीने जास्त कापून घेतात, अंधारात, रक्ताने निसरड्या हातांनी. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) एक आणि दाबाचं बँडेज दोन, सॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. टूर्निके घरी एका हाताने स्वतःच्या मांडीला बांधून बघ. आणि चिमटा. नोव्हेंबरातही पारा शून्याच्या वर गेला की इथल्या गोचिडी हिंडतात आणि लाइम रोग देतात. कपड्यांवर आदल्या आठवड्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून पूर्ण वाळव, अंगावर नाही. घरात मांजर असेल तर ओलं असताना लांब ठेव, त्यांना ते विष आहे.

आता हरीण पडल्यानंतरचं. गोळी लागल्यावर धावू नकोस. हरीण जिथे उभं होतं ती जागा, जिथे दिसेनासं झालं ती जागा, दोन्ही मनात पक्की कर आणि अर्धा तास बस. मग भगव्या फितीचे तुकडे बांधत माग काढ. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, जवळच पडलेलं असेल. हिरवट-तपकिरी आणि घाण वासाचं असेल तर पोट. तेव्हा कित्येक तास थांबायचं, नाहीतर ते उठून मैलभर जातं. पाचोळ्यावरचा डाग रक्ताचा की पानाचाच, कळत नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मार, रक्त असेल तर फेसाळतं. छोटी फवाऱ्याची बाटली त्यासाठीच.

सुरी तीन-साडेतीन इंची, न मिटणारी. मोठा सुरा दिसायला छान, पण आत फिरवता येत नाही. बदलत्या पात्यांची सुरी अतिशय धारदार असते, पण पातं मोडून आतड्यात राहिलं तर तेच शोधताना हात कापतो. ती दुसरी म्हणून ठेव. नायट्राइलचे (पातळ रबरी) हातमोजे दोन जोड. पोट फाडताना पातं वर, दोन बोटांच्या मध्ये, टोक आत खुपसायचं नाही. जठर किंवा मूत्राशय फुटलं तर आजूबाजूचं मांस गेलं. आतडी लवकर काढायची, कारण अंगाची ऊब हीच मांसाची शत्रू.

मेंदू आणि पाठीचा कणा कापायचा नाही. हरणांचा सी-डब्ल्यू-डी रोग पेनसिल्व्हेनियात २०१२ साली सापडला आणि तो मेंदू-कण्यात जास्त असतो. त्यामुळे रोगग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या भागातून डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही. तुझी जागा त्यात येते का, ते आधी नकाशावर बघ. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, तरी तपासणीत दोष निघालेलं मांस खाऊ नये असंच सांगतात. ओढायला पाच मीटर दोरी, डोक्याकडून ओढायचं, म्हणजे केसांच्या दिशेने सरकतं. तुकडे करून न्यायचे असतील तर सुती पिशव्या चार.

सगळं मिळून पाण्यासह सहा-सात किलो व्हायला हवं. जास्त झालं तर हरणांना बोलवायच्या शिट्ट्या, शिंगांचे खुळखुळे, वासाच्या बाटल्या काढून टाक. पहिल्या वर्षी ते काही लागत नाही. मचाणही नको, त्याचा पट्टा आणि दोऱ्या वेगळ्याच शिकाव्या लागतात. खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून जमिनीवर बस.

एक राहिलं. डिसेंबरात तू पुण्याला येणार म्हणतोस आणि सॅक एकच आहे तुझ्याकडे. ती आणू नकोस. आणायचीच असेल तर सगळे कप्पे उलटे करून झाड, अस्तराच्या शिवणीतही बोटं घाल. विमानतळावर एक जिवंत काडतूस निघालं तरी शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, ‘राहून गेलं हो’ म्हटलेलं कोणी ऐकत नाही. दुसरी सॅक काकूंच्या पुरणपोळ्यांसाठी घे.

तुझा,
विनायक