शेजारच्या पोरीला, मनापासून थँक्यू

अगं, तुला समोर सांगायला गेले की तू "काकू, पुरे आता" म्हणून विषयच बदलतेस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

३८ वर्षं त्या घरात काढली मी. चार खोल्या, माळा, मागची अडगळीची खोली, आणि तिथून ज्येष्ठांच्या वसाहतीतल्या एक बेडरूम आणि छोट्याशा हॉलमध्ये यायचं, हे काय असतं ते त्यातून गेल्याशिवाय नाही कळत. मुलं चांगली आहेत माझी, पण त्यांची रजा १० दिवसांची, त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न, "आई, हे टाकायचं ना?" मी दर वेळी नाही म्हणायचे, मग त्यांची चिडचिड, मग माझं रडणं.

तू आलीस ती मेजर टेप आणि आलेखाचा कागद घेऊन. एका फुटाला एक सेंटीमीटर धरून नव्या जागेचा नकाशा काढलास, माझ्या पलंगाचे, कपाटाचे, टेबलाचे त्याच मापात पुठ्ठ्याचे तुकडे कापलेस आणि म्हणालीस, काकू, आता तुम्हीच लावा, काय कुठे ठेवायचं ते. टाकायचं काय हे तू एकदाही विचारलं नाहीस! सासूबाईंचं सागवानी कपाट मी तीनदा फिरवून बघितलं, पण ते कुठेही ठेवलं तरी बाथरूमकडे जायची वाट अडत होती, तू सांगितलंस की उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर लागली तर निदान ३६ इंच तरी मोकळे हवेत. मग तो तुकडा मीच उचलून बाजूला ठेवला. रडले, पण मीच ठेवला.

आणि सुरुवात अडगळीच्या खोलीपासून, फोटो नि पत्रं सगळ्यात शेवटी, हे तुझंच. फोटोंपासून सुरू केलं असतं तर मी अजून तिथेच बसले असते.

ह्यांच्या टेबलाच्या खणात ४३ किल्ल्या निघाल्या, आठवतं? एकाही किल्लीचं कुलूप घरात नव्हतं. दुसऱ्या कुणी सरळ पिशवीत भरल्या असत्या. तू माझ्यासोबत जमिनीवर बसलीस आणि आपण एकेक किल्ली घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहिली, सगळी संध्याकाळ गेली त्यात, आणि मग मला त्या देऊन टाकता आल्या. एक ठेवलीय, ह्यांच्या जुन्या सायकलची असावी.

वसाहतीच्या करारनाम्याचं तर मुलांनाही सुचलं नसतं. मी मेल्यावर किंवा सोडून गेल्यावर डिपॉझिट किती दिवसांत आणि किती कापून परत मिळणार, महिन्याचा मेंटेनन्स दरवर्षी किती वाढू शकतो, रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर कोण येणार, हे सगळं तू त्यांच्यासमोर बसून विचारलंस. आणि तो प्रश्न, जो विचारायची माझी हिंमत नव्हती, की काकूंना पुढेमागे विस्मरणाचा त्रास सुरू झाला तर इथेच ठेवणार की घेऊन जा म्हणणार? उत्तर लेखी घेतलंस. सही करायच्या आधी आठ दिवस राहून बघायचा हट्टही तुझाच, रात्री तिथे कसं वाटतं ते दिवसा बघून कळत नाही म्हणालीस, अगदी खरं होतं.

पहिले दोन महिने जड गेले, खोटं कशाला बोलू. पहाटे उठून जुन्या घराच्या अंदाजाने डावीकडे वळायचे आणि भिंत यायची. तू रोज फोन केलास, समजूत घातली नाहीस, नुसतं ऐकलंस.

नकाशात तू खिडकीपाशी दुसऱ्या खुर्चीचा तुकडा ठेवला होतास, मी म्हटलं एकटीला दोन कशाला, तू काही न बोलता त्यावर चिकटपट्टी लावलीस. ती खुर्ची आहे तिथेच. दुपारी समोरच्या बाई येऊन बसतात, आम्ही शब्दकोडं सोडवतो. रविवारी मात्र ती तुझ्यासाठी रिकामी ठेवते.

तुझी काकू