अभिजात मराठीच्या दप्तरात ब्रागाची हस्तलिखितंही येऊ द्या

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. आता जुन्या कागदांचं बोलू या.

पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात सोळाव्या शतकातली काही हस्तलिखितं पडून आहेत. रामायण-महाभारतातल्या कथा, काही कोकणी गद्यात, काही मराठी पद्यात, आणि सगळ्या रोमन अक्षरांत. गोव्यातल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांनी इथली भाषा अंगवळणी पडावी म्हणून त्या उतरवून घेतल्या. गोव्यातल्या ज्या साष्टी तालुक्यात १५६७ मध्ये देवळं पाडली, जाळली गेली, तिथलं मिशन याच संघाकडे होतं. बाहेर देवळं पडत होती आणि आत कुणी पाद्री रामकथा घोटत बसला होता. हे वाचल्यापासून मला या मंडळींबद्दल एका वाक्यात मत देता येत नाही.

थॉमस स्टीफन्सचं नाव आपल्याला ठाऊक असेलच. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये साष्टीतल्याच राशोलला त्याचं, ख्रिस्ताची कथा सांगणारं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! आम्ही एम.ए.ला तो दोन मार्कांपुरता वाचला. त्याने मराठीची थोरवी गायली तेवढं आपण पाठ करतो, पण मला त्याच ग्रंथातला दुसरा प्रसंग जास्त बोचतो. बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीबाबाला म्हणतो, की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आमच्यासाठी दुसरं पुराण का नाही करत? हिरावलेल्याची भरपाई मागणारा हा माणूस मला सगळ्या सनावळ्यांपेक्षा खरा वाटतो.

त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज हाती नाही. जे उरलंय ते पुढच्या हस्तलिखितांतून, त्यातलं देवनागरी हस्तलिखित लंडनला. रोमनातलं वाचायला बसलं की ‘श’च्या जागी पोर्तुगीज ‘एक्स’ दिसतो. ‘परमेश्वर’ लागायलाच मला पाच मिनिटं लागली होती. पुढे ओवी कानात शिरते आणि अक्षरांचा अडथळा संपतो. (भाषा मराठी की कोकणी, यावर गोवेकरांशी मला भांडायचं नाही. दोघांनी मिळून वाचावं.)

पाद्र्यांचे सगळे संघ एका माळेचे मणीही नव्हते. स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोललाच छापलं गेलं. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावं. त्याला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा पाठिंबा होता.

मी वसईचा. आमच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन, चौघांचीही बांधकामं होती. गेल्या हिवाळ्यात एक शाळेची सहल आली होती. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या कोरीव थडग्यांवरून मुलं उड्या मारत होती. एकीने विचारलं, ‘हे काय लिहिलंय?’ बाई म्हणाल्या, ‘पोर्तुगीजांचं आहे, चल पुढे.’ बाईंना दोष देत नाही, त्यांना तरी कुणी सांगितलं होतं? याच गावात जन्मलेला, जेझुइटांकडे शिकलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला, हे त्या मुलीला कळायला हवं होतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, हे मात्र तिला पाठ होतं. तेही हवंच.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, तुमच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तुमच्या हातातलंच मागतो. ब्रागा आणि लंडनच्या हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती पत्रव्यवहार करून मिळवा. पोर्तुगीज येणारे दोन-तीन तरुण अभ्यासक नेमा, रोमनातला मजकूर देवनागरीत आणून सर्वांसाठी मोफत ठेवा. प्रस्तावनेत साष्टीची देवळंही येऊ द्यात, १५६० चं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही आणि ओव्यांचं देखणेपणही. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून यातलं एकही गाळू नका. वसईचा ख्रिस्ती आणि साष्टीचा हिंदू, दोघांनाही वाचता येतं.

लिप्यंतर तपासायला माणूस कमी पडला तर मला बोलवा. निवृत्त आहे, मानधन नको, ‘एक्स’चा ‘श’ करायची आता सवय झाली आहे.

आपला,
वसईतला एक निवृत्त मराठी शिक्षक